तिकोन उलटा धरला तर?

बालवाडीच्या पालकसभेत हल्ली एक वाद हमखास निघतो: मुलांना चित्रं रंगवायला द्यायची की नाही? एका बाजूचे आईबाबा म्हणतात, छापील चित्रात रंग भरायला लावलं की मुलाची कल्पनाशक्ती मरते, कोरा कागद द्या आणि बाजूला व्हा. दुसऱ्या बाजूचे विचारतात, मग गोल-तिकोन-चौकोन शिकणार कसे, हाताला वळण लागणार कसं आणि फाईलमध्ये लावायचं काय? गेल्या जूनमध्ये अशाच एका सभेत मी दीड तास बसले होते. दोन्हीकडची माणसं तळमळीने बोलत होती, सगळ्यांना आपल्या मुलाचं भलंच हवं होतं. तरी कागदावरचा तो तिकोन रंगवताना मुलाच्या डोक्यात नेमकं काय चालतं, हे दीड तासात एकानेही विचारलं नाही.

माझं म्हणणं आधीच सांगते. आकार आणि नक्षी शिकवायला रंगवण्यासारखं साधन नाही, आणि ते बालवाडीतून हद्दपार करणं चूक आहे. पण रंगवताना मुलाने काहीतरी ठरवायला हवं: कोणता रंग, कुठे आणि का. सगळंच कागदाने ठरवून ठेवलं असेल, तर उरते ती निव्वळ हातांची मजुरी. काहीच ठरलेलं नसेल, तर मूल मजेत खडू फिरवेल, त्यात त्याला आनंदही मिळेल, पण त्यातून आकृतिबंध आपोआप हाती लागत नाही. रेघ छापलेली आहे की मुलाने काढलेली, यावर आपण हमरीतुमरीवर येतो आणि नियम कोणी केला हे बघायचं राहून जातं.

मी बालवाडीत बावीस वर्षं शिकवलं. त्यातली पहिली सहा-सात वर्षं मीसुद्धा तेच पान वाटत असे, जे आजही वाटलं जातं: वर सूचना, ‘त्रिकोणात लाल, वर्तुळात पिवळा, चौकोनात निळा रंग भरा’, आणि खाली एकाच मापाचे, एकाच ठेवणीचे आकार. मुलं छान रंगवायची आणि विचारलं की नावंही सांगायची. एकदा मी जाड कागदाचा एक हिरवा तिकोन कापला आणि टोक खाली करून एका चार वर्षांच्या मुलासमोर धरला. त्याने मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाला, ‘‘हा तिकोन नाय, ताई. पडलाय तो.’’ मग मी चौकोन फिरवून टोकावर उभा केला. सगळा वर्ग एका सुरात ओरडला, ‘‘शंकरपाळी!’’ तोच कागद त्यांच्या डोळ्यांसमोर सरळ केला तर चौकोन, पुन्हा तिरका केला तर शंकरपाळी. वर्षभर रंगवून मुलं एक चित्र ओळखायला शिकली होती: पाया खाली, टोक वर, तिन्ही बाजू सारख्या, रंग बहुधा लाल. तीन सरळ बाजू बंद झाल्या की तिकोन होतो, मग तो कसाही लोळत पडलेला असो, ही गोष्ट त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती.

यात मुलांचा दोष नाही. पिएर आणि डिना व्हान हिले या डच शिक्षक दांपत्याने १९५७ साली भूमितीच्या आकलनाच्या पायऱ्या मांडल्या. पहिल्या पायरीवर मूल आकार अख्खा बघतं, ‘दारासारखा’, ‘पोळीसारखा’ असा. बाजू किती, कोपरे किती, हे पुढच्या पायरीवर येतं. आणि वय वाढलं म्हणून मूल आपोआप वर चढत नाही, तसे अनुभव मिळावे लागतात, हे त्यांच्या मांडणीतलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. एकाच ठेवणीचा तिकोन शंभर वेळा रंगवणं म्हणजे त्याच पायरीवर शंभर वेळा बसणं. शिवाय रंगाचं एक वेगळंच दुखणं आहे. लहान मुलाला आकारापेक्षा रंग आधी दिसतो. प्रत्येक तिकोन लालच असेल, तर मूल लाल बघून ‘तिकोन’ म्हणतं आणि ताईला वाटतं आकार समजला. आकार शिकवायचा असेल तर आकार तोच ठेवून रंग, माप आणि ठेवण बदलत राहायला हवं. आपण बरोबर उलटं करतो.

आता समोरच्यांचं जे खरं आहे, ते मानायलाच हवं. रंग भरण्याने हाताला वळण लागतं, हे शंभर टक्के खरं आहे. मारिया माँटेसरींनी धातूच्या चौकटी केल्या त्या याचसाठी: चौरस, त्रिकोण, पंचकोन, लंबवर्तुळ असे दहा आकार, ते चौकटीत बसवायचे, काढायचे, त्यांच्या कडेने पेन्सिल फिरवायची आणि आतली जागा रेघांनी भरायची. लिहायला शिकण्याआधीची ही तयारी होती. १९३९ साली त्या चेन्नईजवळ अड्यारला आल्या, महायुद्धामुळे १९४६ पर्यंत भारतात राहिल्या आणि इथल्या शेकडो शिक्षकांना हेच शिकवून गेल्या. मग छापील पान आणि ही चौकट यांत फरक काय? चौकटीतला आकार मूल बोटांनी धरतं. त्याचे कोपरे बोटाला टोचतात, तो फिरवून बसवावा लागतो, आणि कागदावरची रेघ मुलाच्या स्वतःच्या हातून उमटते. रंग भरण्याआधी आकार हातातून गेलेला असतो. छापील पानात नेमकी हीच पायरी गळते आणि उरलेल्या अर्ध्या कामाला आपण ‘फाइन मोटर’, म्हणजे बोटांचं बारीक कौशल्य, म्हणून पूर्ण गुण देतो.

दुसरं, मुलांना रंगवायला आवडतं. खूप आवडतं. पावसाळ्याच्या दिवसांत कोंदलेल्या वर्गात तीस मुलं वीस मिनिटं शांत बसतात, ती रंगखड्यांमुळेच. या शांततेची किंमत ज्याने कधी तीस मुलं सांभाळली नाहीत, त्याला कळणार नाही. ती मला हिरावून घ्यायची नाही.

कोरा कागदवाल्यांचंही एक म्हणणं मला मनापासून पटतं. दोन वर्षं फक्त छापील पानं रंगवलेल्या मुलासमोर कोरा कागद ठेवा. ते खडू हातात धरून बसून राहतं आणि म्हणतं, ‘‘ताई, तुम्ही काढून द्या, मी रंगवतो.’’ हे वाक्य मी इतक्या मुलांच्या तोंडून ऐकलंय की ते ऐकलं की अजूनही पोटात तुटतं. पण यावरून दुसऱ्याने काढलेल्या रेघेत रंग भरणं मुळातच वाईट, असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी एकदा आपल्याच अंगणात बघावं.

आमच्या घरी ठिपक्यांचा कागद असायचा. जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदावर खुणा करून आजी पेटत्या उदबत्तीने एकेक भोक पाडायची. भोकांच्या कडा तपकिरी व्हायच्या आणि कागदाला कितीतरी दिवस उदबत्तीचा वास यायचा. मधली ओळ ७ ठिपक्यांची, वर आणि खाली एकेक ठिपका कमी करत ४ पर्यंत, म्हणजे एकूण ३७ ठिपके. सारवलेल्या जमिनीवर कागद ठेवायचा, वर रांगोळी पसरून तळहात फिरवायचा, आणि अलगद उचलायचा. ठिपके जोडायचा मान आजीचा. आम्हा मुलांच्या वाट्याला यायचं ते फक्त रंग भरणं, तेही तिने काढलेल्या रेघेच्या आत. फुलाला सहा पाकळ्या. आजी एवढंच म्हणायची, ‘‘समोरच्या पाकळीत काय घातलंस ते बघ आणि मग पुढचं घाल.’’ दोन रंग घेतले की एकाआड एक घालता येतात, पण मग समोरासमोरच्या पाकळ्या वेगळ्या येतात. तीन रंग ओळीने फिरवले की समोरासमोर तोच रंग येतो. चार रंग घेतले की कुठेतरी बिनसतंच. सहाला दोनने आणि तीनने भाग जातो, चारने जात नाही, हे आम्हाला तिसरीत शिकवलं, पण माझ्या बोटांना ते दिवाळीतच कळलेलं होतं. रेघ दुसऱ्याची होती म्हणून आमची कल्पनाशक्ती मेली का? रांगोळीची दाक्षिणात्य बहीण म्हणजे कोलम. तिच्या नक्षीमागचे नियम इतके काटेकोर आहेत की १९७० च्या दशकात मद्रास ख्रिश्चन कॉलेजमध्ये गिफ्ट सिरोमनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा संगणकशास्त्राच्या अंगाने अभ्यास केला. ते नियम पिढ्यान् पिढ्या चालवणाऱ्या बायकांनी सुरुवात केली ती आईची रेघ बघूनच.

उलट्या तिकोनाचं उत्तरही आपल्याकडे होतंच. वारली चित्रातला माणूस आठवा. दोन तिकोन टोकाला टोक लावून ठेवलेले, वरचा उलटा, खालचा सुलटा. वर गोल डोकं आणि काड्यांसारखे हातपाय. वरच्या-खालच्या तिकोनांचा झोक थोडा बदलला की तोच माणूस वाकतो, नाचतो, भात लावतो. लग्नघरात तांदळाच्या पिठाने सवाशिणी चौक लिहितात, त्याच्या चारी बाजूंना नक्षीचे पट्टे असतात, आणि मधोमध पालघट देवी. जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं भिंतीवरून कागदावर आणली, जगभर नेली, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. ज्या मुलाने अशी चार माणसं काढलीत, त्याला तुम्ही टोक खाली केलेला तिकोन दाखवा, ते त्याला ‘पडलाय’ म्हणणार नाही. म्हणूनच दुकानात वारली चित्रांची छापील रंगवही दिसते तेव्हा मला वाईट वाटतं. तिकोन जोडण्याचं काम छापणाऱ्याने करून टाकलेलं असतं. मुलाला ठेवलेला असतो फक्त खडू.

मग मुलाने ठरवायचं म्हणजे नेमकं काय? एक प्रसंग सांगते. शेजारची साडेपाच वर्षांची मुलगी दुपारी माझ्याकडे असते. तिच्यासमोर मी गणिताची चौकटीची वही ठेवली आणि पेन्सिलने १० चौकटींची रुंदी आखून दिली. नियम तिनेच केला: एक लाल, दोन पिवळ्या, परत एक लाल, दोन पिवळ्या. ओळ संपली की खालच्या ओळीत डावीकडून पुढे चालू, एवढीच माझी अट. पहिली ओळ लालवर संपली. दुसऱ्या ओळीला तिने परत लाल खडू उचलला, नवी ओळ म्हणून. मी विचारलं, ‘‘शेवटची कुठली होती?’’ ती थांबली. वरच्या ओळीच्या टोकाला बोट ठेवलं, मग खालच्या पहिल्या चौकटीवर, पुन्हा वर. लाल खडू खाली ठेवून तिने पिवळा घेतला. चौथ्या ओळीपर्यंत ती फक्त मोजत होती, ओठ हलत होते. पाचव्या ओळीला तिने वही लांब धरली आणि किंचाळली, ‘‘जिना झाला!’’ लाल चौकटी प्रत्येक ओळीत एकेक घर डावीकडे सरकून तिरप्या उतरत गेल्या होत्या. तिने जिना काढला नव्हता. तिने फक्त नियम पाळला होता, आणि नियमाने जिना काढला.

दुसऱ्या पानावर मी ९ ची रुंदी आखली. नियम तोच. या वेळी लाल चौकटी एकाखाली एक आल्या आणि सरळ खांब उभे राहिले. ती खूप वेळ गप्प बसली. मग ८ ची. पुन्हा जिना, पण तोंड दुसरीकडे. तीनचा गट नऊमध्ये पुरा बसतो, दहामध्ये एक उरतो, आठमध्ये एक कमी पडतो, हे तिला कोणी सांगितलं नाही आणि इतक्यात सांगायचंही नाही. पण विणणाऱ्याला, टोपली वळणाऱ्याला, गोधडीचे तुकडे जुळवणाऱ्या आजीला जे हाताने ठाऊक असतं, ते या पोरीने दोन खडूंत पाहिलं. यात एकही चौकट तिने स्वतः आखली नव्हती. रेघा सगळ्या छापलेल्या होत्या आणि ती बहुतेक वेळ त्यांच्या आतच होती. कुठली चौकट कोणत्या रंगाची, हे मात्र एकदाही छापलेलं नव्हतं.

चौकटीचं हे साधन माझ्या डोक्यातून आलेलं नाही. फ्रेडरिक फ्रोबेलने १८३७ साली जर्मनीतल्या बाड ब्लांकनबुर्गला मुलांसाठी काम सुरू केलं आणि १८४० मध्ये त्याला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिलं. तरुणपणी त्याने बर्लिनमध्ये स्फटिकांच्या अभ्यासकाच्या हाताखाली काम केलं होतं, आणि नियमातून रूप कसं उगवतं याचं वेड त्याला तिथूनच असावं. ठोकळे, कागदाची वीण, चौकटी आखलेल्या पाटीवरची नक्षी, हे सगळं त्याने मुलांच्या हातात दिलं. १८५२ मध्ये तो गेला. पुढच्या काही दशकांत युरोप-अमेरिकेतल्या कितीतरी बालवाड्यांत त्याचीच साधनं ताईंच्या हुकमावर चालू लागली: आता सगळ्यांनी पहिला ठोकळा उचला, आता त्याच्या उजवीकडे दुसरा ठेवा. जॉन ड्यूई आणि पॅटी स्मिथ हिल यांच्यासारख्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी यावर कडाडून टीका केली, ती रास्तच होती. ठोकळा तोच, पाटी तीच, फक्त ठरवणं मुलाकडून ताईकडे गेलं आणि साधनातला जीव गेला. आपल्या रंगवहीचं आज तेच झालंय. पण म्हणून पाटीच फोडणं हा काही उपाय नव्हे.

सगळ्यात जड आक्षेप मी शेवटी घेते, कारण तो मला स्वतःला छळतो. अंगणवाडीतल्या सेविकेकडे पोषण आहार आहे, वजनं-उंच्या आहेत, नोंदी आहेत, लसीकरणाच्या दिवशीची धावपळ आहे, आणि समोर वेगवेगळ्या वयाची मुलं. तिला तुम्ही सांगणार, प्रत्येक मुलाला नियम ठरवू दे? छापील पान वाटून अर्धा तास सुटका होत असेल, तर कोणत्या तोंडाने नाही म्हणायचं? या प्रश्नाला मी सोपं उत्तर देणार नाही. तिच्यावरचं ओझं कमी व्हायला हवं, आणि ते काम धोरण करणाऱ्यांचं आहे. पण वेळ आणि पैसा नाही म्हणून छापील पान, हा हिशेब मात्र चुकीचा आहे. पान विकत आणावं लागतं. चिंचोके, गारगोट्या, पानं, शिंपले फुकट मिळतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षणाचं काम उभं केलं आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं, तेव्हा त्यांच्याकडे कुठली रंगवही होती? माँटेसरीची महागडी साधनं परवडत नव्हती, म्हणून त्यांनी परिसरातल्या वस्तूंतून साधनं केली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. ‘अंगणवाडी’ ही कल्पना त्यांच्याच कामातली. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि हा शब्द देशभर गेला. शब्द गेला, त्यामागची रीत बरीचशी कोसबाडलाच राहिली.

सरकारी कागदावर तर आज सगळं आमच्या बाजूने आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानला, २०२२ च्या अभ्यासक्रम आराखड्याने खेळ आणि हाताळणीवर भर दिला, २०२३ मध्ये ‘जादुई पिटारा’ हा खेळ-साहित्याचा सरकारी संच आला. तरी वर्गात पान तेच चालू राहतं. कारण पालकांना पुरावा हवा असतो आणि पुरावा म्हणून फाईल सोपी पडते. एका मुलाच्या पानावर मी लाल शाईतला शेरा वाचला होता: ‘रंग बाहेर गेला आहे.’ त्या पानावर त्याने सगळे छोटे तिकोन एका रंगाने आणि मोठे दुसऱ्या रंगाने रंगवले होते. सूचना अर्थात सगळे लाल करा अशी होती. चार वर्षांच्या पोराने न सांगता वर्गीकरण केलं होतं, आणि घरी कौतुक होण्याऐवजी त्याला रेघ सांभाळ म्हणून बोलणी बसली.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे की पानं फेकू नका, पानावरची सूचना फेका. त्याच छापील पानाला वेगळा प्रश्न विचारा. तीन कोपऱ्यांचे सगळे शोध आणि तुला हवा तो रंग दे. शेजारच्या दोघांना एकच रंग येता कामा नये, मग किती खडू लागतील? पान उलटं कर, आता यातले तिकोन कुठे गेले? साडीच्या काठावरची, खणावरची, तोरणातली नक्षी बघ, आणि कुठून परत तेच सुरू झालं तिथे बोट ठेव. पान रंगवून झालं की ‘छान’ म्हणण्याआधी ‘असं का केलंस?’ एवढं विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. कधी उत्तर येणार नाही, कधी ‘असंच’ येईल. माझ्याकडे तर अनेकदा ‘असंच’ आलंय. पण आठवडाभर रोज विचारलं की एखाद्या दिवशी मूल रंगवण्याआधीच सांगायला लागतं की आज काय ठरवलंय.

काल दुपारी शेजारची मुलगी वही काखेत मारून आली आणि दारातूनच विचारू लागली, ‘‘ताई, अकराची ओळ केली तर?’’ मी म्हटलं, मला नको विचारूस. ती फरशीवर पालथी पडली, पट्टी धरून अकरा चौकटी मोजल्या आणि उभी रेघ मारली. पट्टी सटकली म्हणून रेघ जरा वाकडी गेली. तिने तशीच ठेवली, दातांत धरलेला लाल खडू काढला आणि पहिली चौकट भरायला घेतली.